पाठीचं माप

पहाटे साडेतीनला पाठ उठते, मी नंतर.
गावभागात तेव्हा एकही खिडकी उजळलेली नसते.
पडून राहिलं की दुखतं, फिरलं की उतरतं,
हे असलं उलटं दुखणं
आठ वर्षं कुणाला पटलंच नाही.
'दिवसभर मशीनवर वाकायचं, मग दुखणारच की,' म्हणाले.
एकानं गोळ्या दिल्या कॅल्शियमच्या, एकानं पट्टा.
सासूबाईंनी एरंडाची पानं शेकून बांधली,
ती निदान गरम तरी होती.

मग मिरजेत एका पोरसवदा डॉक्टरणीनं
माझ्याच गळ्यातली टेप काढून घेतली.
(दुकानातून तशीच गेले होते, काढायची राहिली.)
टेपची मागची बाजू, सेंटीमीटरची,
जिला मी कधी हात लावत नाही.
कमरेच्या खळीपाशी पेनानं एक खूण,
तिच्यावर दहा मोजून दुसरी.
'वाका.'
वाकले.
'मावशी, दहाचे पंधरा व्हायला पाहिजेत,
तुमचे साडेअकरा.'

वीस वर्षं बायकांची मापं घेते मी.
छाती, कंबर, मुंढा, पाठउंची.
वाकल्यावर पाठ किती वाढते,
हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

आता रोज भिंतीला टाचा लावून उभी राहते.
भिंतीवर पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याच्या चार बोटं वर.
दोनदा रंग दिला, तरी ओल धरली की उमटते.
कृष्णा आली, तिथवर चढली, गेली.
माझं डोकं मात्र भिंतीपर्यंत जात नाही.
मधल्या फटीत दोऱ्याचं रिळ धरते, आडवं,
पडलं नाही तर तो दिवस बरा.

तांब्या वर धरून पाणी पिता येत नाही,
म्हणून माझा पेला वेगळा.
खाली पडलेल्या टाचण्या
काठीला बांधलेल्या चुंबकानं गोळा करते.
शिंक येणार वाटलं की आधी टेबल धरते.
हरभट रोडवर मागून कुणी 'त्रिशलाआक्का' म्हटलं,
तर मान वळत नाही, मीच वळते,
कपाट सरकवावं तशी, जागच्या जागी.
तोवर माणूस पुढं गेलेलं असतं,
आणि आक्काला गर्व झालाय, ही बातमी माझ्या आधी घरी.

बस्तीत कपाळ फरशीला टेकत नाही आता.
उभ्यानंच हात जोडते.
समोर तोही उभाच, हात खाली सोडून, ताठ,
त्याला कुणी वाक म्हणत नाही.
एकदा पहाटे मनात आलं,
याला पहिले दोन तास कसे जात असतील?
मग जीभ चावली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आर्जवी माप घेते.
चौदा वर्षांची आहे, हात गार असतात तिचे.
दोन खुणा, पेन गुदगुल्या करतं.
'वाक आई. अजून. श्वास सोड. अजून.'
चपलेचा अंगठा दिसतो, त्याच्या पुढं नाही.
'बारा!' ती ओरडली, 'आई, बारा झाले!'

टेपवर बोट कुठं थांबलं, ते कातडीला कळतं.
साडेअकराच होते. तेही रेटून.

तिनं वहीत लिहिलं बारा, तारीख घातली,
खाली दोनदा रेघ मारली.
मी काही बोलले नाही.
कापताना कडेला अर्धा इंच माया ठेव,
पुढंमागं उसवून सैल करता येतं,
हे मीच शिकवलंय तिला.
पुढच्या तारखेला मिरजेची बाई स्वतः मोजेल,
तेव्हाचं तेव्हा.

टेबलाला धरून उठले.
मगदूम वहिनींचा ब्लाऊज आजच द्यायचा होता,
हुक लावायचे राहिले होते.